विमानाचा विमा : हप्त्याआधी अटी वाचा

मागील वर्षी दिवाळीनंतर सांगलीचे एक हळदीचे व्यापारी, माझे जुने स्नेही, पुण्यास माझ्या घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “साहेब, मुलाने विमान घेतले.” मला वाटले, तिकीट काढले असावे. तसे विचारताच ते हसले. “तिकीट नव्हे, विमानच घेतले. तिघांत मिळून. मे महिन्यात आम्ही दोघे अमेरिकेला जाणार आहोत आणि तो आम्हांला त्यातून फिरवणार आहे.”

त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये संगणक अभियंता आहे. त्याने हौस म्हणून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला आणि दोन सहकाऱ्यांसह जुने सेस्ना १७२ विमान विकत घेतले. चार आसनांचे, एका इंजिनाचे हे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले. आजवर जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान हेच होय. अमेरिकेतील मध्यमवर्गीय हौशी माणूस चारचाकी गाडीप्रमाणे ते भागीदारीत बाळगू शकतो, त्यामुळे यात श्रीमंतीचा फारसा भाग नाही. शेठजींचा प्रश्न निराळाच होता. “मला विमानातले काही कळत नाही. पण त्यात आम्ही बसणार आहोत. हे विम्याचे कागद तुम्ही एकदा वाचा.”

बँकेच्या नोकरीत मी चौतीस वर्षे गोदामे, यंत्रे, ट्रक आणि मालसाठा यांच्या पॉलिसी तपासल्या. विमानाची पॉलिसी मात्र प्रथमच हाती आली होती. ती वाचण्यात आणि समजून घेण्यात दोन आठवडे गेले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांतील मुले आज परदेशात आहेत, काही जण वैमानिक होत आहेत आणि काही उद्योगसमूह स्वतःची विमाने बाळगून आहेत. त्यामुळे त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

जुनी ओळख, नवे वाहन

जोखमीचा व्यवहार आपल्या पेढ्यांना नवा नाही. जोखमी हुंडी हा शब्द आज वाणिज्य शाखेच्या पुस्तकात उरला असला, तरी एके काळी गलबतावर चढवलेल्या मालावर ती काढली जाई. माल बंदरास सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. माल बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडत. एकाच कागदात कर्ज आणि विमा दोन्ही सामावलेले होते. इंग्लंडमध्येही विम्याची मुळे जहाजांच्या व्यवहारातच आहेत. जहाजांचा विमा उतरवणाऱ्या लंडनच्या लॉईड्‌सने विमानाची पहिली पॉलिसी १९११ मध्ये दिली. राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

आपल्याकडील उदाहरण तर घरचेच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी आधी जहाजांच्या धंद्यात पाऊल टाकले आणि १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. जहाजाकडून विमानाकडे जाण्याचा जो मार्ग त्यांनी धरला, तोच विमाशास्त्रानेही धरला. म्हणूनच सागरी विम्याचे मूळ तत्त्व विमानाच्या पॉलिसीतही जसेच्या तसे आले आहे. ते असे : विमा कंपनीने जोखीम पाहिलेली नसते, विमा घेणाऱ्याने सांगितलेली असते, म्हणून सांगणाऱ्याने सर्व महत्त्वाच्या गोष्टी न विचारताही खऱ्या सांगितल्या पाहिजेत.

एका पॉलिसीत दोन विमे

विमानाच्या पॉलिसीचे साधारणतः दोन भाग असतात. पहिला भाग विमानाच्या सांगाड्याचा, म्हणजे त्या वस्तूच्या नुकसानीचा. काही पॉलिसी विमान जमिनीवर उभे असतानाच संरक्षण देतात, काही ते जमिनीवर चालत असतानाही देतात, तर काही उड्डाणासह सर्व काळ देतात. विमान काही महिने हँगरमध्ये बंद राहणार असेल, तर तेवढ्या काळापुरते जमिनीवरील संरक्षण घेऊन हप्ता कमी करता येतो. मात्र त्या काळात कोणी “एक फेरी मारून येऊ” म्हणून विमान बाहेर काढले, तर ती फेरी विम्याविना होते.

दुसरा भाग उत्तरदायित्वाचा. विमान कोणाच्या घरावर, शेतावर किंवा दुसऱ्या विमानावर आदळले, अथवा आतील प्रवासी जखमी झाले, तर मालकावर आणि वैमानिकावर येणारा भरपाईचा बोजा हा भाग उचलतो. माझ्या मते दोहोंत हाच अधिक महत्त्वाचा आहे. विमान गेले तर विमानाच्या किमतीपुरतेच नुकसान होते. भरपाईच्या दाव्याला मात्र अशी मर्यादा नसते आणि तो घरादारापर्यंत पोहोचू शकतो.

शेठजींच्या कागदावर उत्तरदायित्वाची रक्कम दहा लाख डॉलर होती. आकडा मोठा वाटला. पण त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत लिहिले होते की, प्रत्येक प्रवाशामागे ही मर्यादा एक लाख डॉलर राहील. अमेरिकेतील लहान विमानांच्या पॉलिसींत ही रचना नेहमीची आहे. म्हणजे बाहेरच्या माणसांसाठी दहा लाख आणि शेजारच्या आसनावर बसलेल्या आईसाठी एक लाख. तेथील रुग्णालयांचे खर्च ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रक्कम किती लवकर संपते हे वेगळे सांगावयास नको. प्रवाशामागे वेगळी मर्यादा नसलेली पॉलिसीही मिळते. तिचा हप्ता अधिक असतो आणि अनुभव कमी असलेल्या वैमानिकास ती सहजासहजी दिली जात नाही.

नेहमीच्या पॉलिसीतून काही गोष्टी वगळलेल्या असतात. झीज आणि एखाद्या भागाचा आपोआप झालेला यांत्रिक बिघाड यांचा खर्च मिळत नाही. युद्ध, अपहरण आणि घातपात यांपासूनचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. पॉलिसी कोणत्या देशांच्या हद्दीत लागू आहे हेही नमूद असते; सीमा ओलांडण्यापूर्वी ते पाहावे.

मूल्य किती लिहावे

गोदामातील मालाचा विमा बाजारभावाने उतरवतात. लहान विमानाच्या बाबतीत बहुधा मान्य मूल्याची पद्धत असते. पॉलिसी घेताना दोन्ही पक्षांनी जी रक्कम ठरवली, तीच विमान पूर्ण नष्ट झाल्यास दिली जाते. वजावटीची रक्कम ठरली असल्यास ती तेवढी कापली जाते.

येथे व्यापारी माणसाला दोन मोह होतात. पहिला, हप्ता वाचवण्यासाठी मूल्य कमी लिहिण्याचा. समजा, ऐंशी हजार डॉलरच्या विमानाचे मूल्य पन्नास हजार लिहिले आणि अपघातात दुरुस्तीचा खर्च पंचेचाळीस हजार आला. अशा वेळी विमान मोडीत निघाल्याचे ठरवून पन्नास हजार देणे आणि दुरुस्त होऊ शकणारे विमान स्वतःच्या ताब्यात घेऊन विकणे कंपनीला परवडते. मालकाचे चांगले विमान खऱ्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी रकमेत जाते. दुसरा मोह मूल्य वाढवून लिहिण्याचा. मग दुरुस्तीचा खर्च विमानाच्या खऱ्या किमतीहून अधिक झाला, तरी तो लिहिलेल्या मूल्याच्या आत बसतो म्हणून कंपनी दुरुस्तीचाच मार्ग धरते आणि महिनोन्‌महिने विमान कारखान्यात पडून राहते. म्हणून मूल्य बाजारभावाइतकेच लिहावे आणि नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी तपासावे. इंजिन किंवा उपकरणे नवी बसवली असतील, तर तसे कळवावे.

उडवणार कोण?

आता मुख्य मुद्दा. विमानाच्या पॉलिसीत एक कलम वैमानिकांविषयी असते. त्यात काही वैमानिकांची नावे दिलेली असतात. त्यांशिवाय इतर कोणी विमान उडवल्यास त्याच्याकडे कोणता परवाना असावा, एकूण किती तासांचा आणि त्याच प्रकारच्या विमानावर किती तासांचा अनुभव असावा, हेही लिहिलेले असते. या कलमात न बसणारा माणूस विमान उडवत असताना अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते, मग अपघाताचे कारण काहीही असो.

शेठजींच्या कागदावर हे कलम वाचले आणि मी थांबलो. त्यात दोनच नावे होती, आणि ती दोन्ही सहकाऱ्यांची. मुलाचे नाव मालकांच्या यादीत होते, वैमानिकांच्या यादीत नव्हते. इतरांसाठी किमान २५० तासांचा एकूण अनुभव आणि त्या प्रकारच्या विमानावर २५ तास, अशी अट होती. मी मुलाला फोन करून त्याचे तास विचारले. त्याने उड्डाणवही पाहून सांगितले, “काका, एकशे अडतीस.” भागीदार होऊन त्याला आठ महिने झाले होते. त्याला भागीदार करून घेताना सहकाऱ्याने विमा प्रतिनिधीस त्याचे नाव मालक म्हणून घालण्यास कळवले होते आणि प्रतिनिधीने नेमके तेवढेच केले होते. मालक झालो म्हणजे उडवण्याचेही संरक्षण मिळाले, असे तिघेही समजून चालले होते. ते आठ महिने तो विम्याविना उडत होता. हप्ता मात्र तिघांनी सारखा वाटून भरला होता.

हे वाचताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. शाखेत नवा अधिकारी असताना एका कापड व्यापाऱ्याचे नजरगहाण खाते माझ्याकडे होते. त्यांनी व्यवसाय वाढल्यावर माल नव्या गोदामात हलवला. मी तेथे जाऊन मालाची मोजणी केली, अहवालावर सही केली. पण पॉलिसीवर पत्ता जुन्याच गोदामाचा राहिला आहे, हे पाहिले नाही. उन्हाळ्यात नवे गोदाम जळाले. हप्ता वेळेवर भरलेला होता, माल खरा होता, आग खरी होती. दावा नाकारला गेला, कारण पॉलिसीने ज्या जागेतील मालाचे संरक्षण दिले होते ती जागा शाबूत होती. ते गृहस्थ मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी पुढे घर विकून कर्ज फेडले. सही माझी होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

गोदामाचा जसा पत्ता, तसे विमानाच्या पॉलिसीत वैमानिकाचे नाव. नावाबरोबर त्याची कागदपत्रेही जिवंत असावी लागतात. अमेरिकेत हौशी वैमानिकाला दर चोवीस महिन्यांनी प्रशिक्षकासमवेत उड्डाणाची उजळणी करावी लागते. तेथील तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र चाळीस वर्षांच्या आतील व्यक्तीला साठ महिने आणि त्यानंतर चोवीस महिने चालते. विमानाची वार्षिक तपासणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते. यांतील एखादी तारीख उलटून गेली असेल, तर विमानाचे इंजिन पूर्वीप्रमाणेच सुरू होते. पॉलिसी मात्र बंद पडलेली असू शकते.

कशासाठी उडवणार?

पॉलिसीतील दुसरी मोठी अट वापराची. खासगी पॉलिसी हौस आणि स्वतःच्या कामाचा प्रवास यांसाठी असते. प्रवाशाकडून भाडे घेतले की ती वाहतूक व्यापारी ठरते. अमेरिकेच्या नियमांनुसार खासगी वैमानिकाला सोबतच्या प्रवाशांशी इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमान भाड्याचे असल्यास त्याचे भाडे एवढाच खर्च वाटून घेता येतो आणि त्यातील स्वतःचा समान वाटा त्याला उचलावाच लागतो. आपल्याकडेही खासगी वर्गात नोंदवलेल्या विमानाने भाड्याची वाहतूक करता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा वेगळा परवाना लागतो.

ही अट मोडल्यावर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण सर्वांसमोर आहे. २१ जानेवारी २०१९ रोजी रात्री फ्रान्समधील नांत येथून वेल्समधील कार्डिफकडे निघालेले पायपर मालिबू जातीचे एका इंजिनाचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला आणि वैमानिक डेव्हिड इबॉटसन यांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण विभागाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार ते उड्डाण पैसे घेऊन केलेले होते, पण वैमानिकाच्या परवान्यानुसार त्याला तसे उड्डाण करण्याची मुभा नव्हती; त्याला रात्रीच्या उड्डाणाची पात्रता नव्हती आणि त्या विमानासाठी लागणाऱ्या पात्रतेची मुदतही संपलेली होती. उड्डाण आयोजित करणाऱ्या व्यक्तीला २०२१ मध्ये दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. विमा घेणाऱ्याने या अहवालातील प्रत्येक मुद्दा स्वतःच्या पॉलिसीच्या अटींशी ताडून पाहावा. परवाना, पात्रता, मुदत, वापर हे चारही शब्द तेथे सापडतील.

आपल्या घरातील पॉलिसी

येथवरचा भाग विमानमालकांचा झाला. पण विमानात बसणाऱ्या किंवा ते उडवणाऱ्या माणसाची आपल्याकडील आयुर्विम्याची आणि व्यक्तिगत अपघाताची पॉलिसीही पाहणे आवश्यक आहे.

आयुर्विम्याच्या प्रस्तावात उड्डाणाचा छंद किंवा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न असतो. तेथे खरे लिहावे. हप्ता थोडा वाढेल किंवा अट येईल, पण वारसांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर आयुर्विमा पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हे खरे. परंतु त्यावर विसंबून माहिती दडवणे सचोटीचे नव्हे, आणि अपघाती लाभातून वगळलेल्या गोष्टी त्या कलमामुळे परत मिळत नाहीत. अपघाती लाभाच्या कलमांत बहुधा असे असते की, प्रवाशांच्या वाहतुकीस अधिकृत असलेल्या विमानातील प्रवासी म्हणून मृत्यू आल्यास लाभ मिळतो. वैमानिक किंवा अन्य कोणत्याही नात्याने उड्डाणात सहभागी असल्यास मिळत नाही. म्हणजे एकाच विमानात शेजारी बसलेल्या बापलेकांपैकी वडिलांना संरक्षण असते, मुलाला नसते. काही पॉलिसींत तिकीट काढलेला प्रवासी अशीच मर्यादा असते. शब्द कंपनीगणिक बदलतात, म्हणून आपली पॉलिसी काढून तेच कलम वाचावे आणि शंका असल्यास कंपनीकडून उत्तर लेखी घ्यावे.

कंपनीच्या विमानाने फिरणाऱ्या उद्योजकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विमान कर्जावर घेतले असेल, तर बँकेचे नाव पॉलिसीत असतेच. परंतु मालकाने अट मोडल्यास बँकेचा हक्क टिकतो की नाही, हे वेगळ्या कलमावर अवलंबून असते. बँकेचा हक्क टिकला, तरी मालकाचा टिकतो असे नाही.

वैमानिक होणाऱ्या मुलांसाठी

आज बारामती, धुळे, गोंदिया येथे आणि परदेशांतही आपली मुले वैमानिकाचे शिक्षण घेत आहेत. त्यासाठी पालक अनेकदा घर तारण ठेवून मोठे कर्ज काढतात. अशा पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, प्रशिक्षण संस्थेच्या विमानावरील विमा मुख्यतः संस्थेचे रक्षण करतो. परदेशात भाड्याने विमान घेऊन तास भरणाऱ्या विद्यार्थ्याकडून विमा कंपनी नुकसानीची वसुली करू शकते. त्यासाठी भाड्याने विमान घेणाऱ्यांची वेगळी पॉलिसी मिळते, ती घ्यावी. दुसरी, कर्जासाठी आयुर्विमा घेतला तरी तो मृत्यूनंतर उपयोगी पडतो. वैमानिकाची उपजीविका मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रावर चालते. दृष्टी, हृदय किंवा अन्य कारणाने ते प्रमाणपत्र गेले, तर माणूस धडधाकट असूनही उत्पन्न थांबते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. नोकरी लागताच परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यावा, किंवा कंपनीने तो दिला आहे काय, हे नेमणूक पत्रात पाहावे.

पुढे काय झाले

माझे निष्कर्ष मी मुलाला कळवले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. त्या आठ महिन्यांत त्याने मित्रांना, त्यांच्या लहान मुलांनाही विमानातून फिरवले होते. दुसऱ्याच दिवशी त्याने विमा प्रतिनिधीशी बोलून स्वतःचे तास, परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र पाठवले. प्रशिक्षकासमवेत पाच तास उडवण्याची अट पूर्ण केल्यावर आणि थोडा अधिक हप्ता भरल्यावर त्याचे नाव वैमानिकांच्या यादीत आले. तोवर त्याने एकट्याने विमान उडवले नाही. प्रवाशामागील मर्यादा मात्र कंपनीने त्या वर्षी वाढवून दिली नाही. आणखी शंभर तास झाल्यावर विचार करू, असे उत्तर आले. मग शेठजींनी येथून घेतलेल्या परदेश प्रवासाच्या विम्यात खासगी विमानाचा प्रवास बसतो काय, असे कंपनीला पत्राने विचारले आणि उत्तर हाती आल्यावरच बॅग भरली.

मे महिन्यात दोघेही त्या विमानात बसले. परत आल्यावर मी विचारले, भीती वाटली काय? शेठजी म्हणाले, “वाटली. पण ती वाऱ्याची होती, कागदाची नव्हती.”

त्या तीन भागीदारांचे सुदैव असे की, आठ महिन्यांत काही घडले नाही, म्हणून चूक दुरुस्त करता आली. माझ्या कापड व्यापाऱ्याला ती संधी मिळाली नव्हती. आपल्या घरी विमान नसले, तरी गोदाम, दुकान, गाडी आणि आयुर्विमा यांच्या पॉलिसी कपाटात असतातच. या आठवड्यात एक दिवस त्या बाहेर काढाव्यात, आणि नाव, पत्ता, वापर व मुदत या चार गोष्टी आजच्या वस्तुस्थितीशी ताडून पाहाव्यात.